सिंथवर प्राण्यांचे आवाज बनवायचेत? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुलै लागला की बडोद्यातल्या मंडळांचे फोन सुरू होतात. देखाव्यात जंगल पाहिजे, बालनाट्यात वाघ पाहिजे, एकांकिकेत पिंडाला शिवायला कावळा पाहिजे, आणि सगळं उद्या संध्याकाळपर्यंत. दरवर्षी तेच प्रश्न आणि तीच उत्तरं, म्हणून आता इथे लिहूनच टाकतोय. सिंथ म्हणजे सिंथेसायझर, विजेवर आवाज घडवणारं वाद्य किंवा त्याचं सॉफ्टवेअर. नाटकवाले, देखावेवाले आणि घरी लॅपटॉपवर खटपट करणारे, यांच्यासाठी आहे हे. खाली जे आकडे दिलेत त्यातले सेटिंगचे आकडे सुरुवात करायला आहेत, पुढे कानाने फिरवा.

यूट्यूबवरून आवाज उचलला तर काय बिघडतं?

उचलायच्या आधी लायसन बघा. झेनो-कँटोसारख्या साइटवर पक्ष्यांच्या रेकॉर्डिंगचा खजिना आहे, पण त्यातली बरीचशी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा लायसनवर आहेत की धंद्यासाठी वापरायची परवानगी नाही, आणि रेकॉर्ड करणाऱ्याचं नाव तर द्यावंच लागतं. दुसरी भानगड अशी की रेकॉर्डिंग त्याच्या मर्जीने चालतं. डायरेक्टर म्हणतो वाघ आधी नुसता गुरगुरू दे, मग ती मुलगी मागे वळली की डरकाळी, आणि ती मुलगी रोज वेगळ्या वेळेला वळते. रेकॉर्डिंग ताणायला गेलात की चिरकतं. सिंथवरचा वाघ बोटाखाली असतो, हवा तेवढा लांबवा, हवा तिथे तोडा.

आणि स्वतः रेकॉर्ड करतो म्हणाल तर कमाटी बागेत पहाटे माइक लावून बघा, कोकिळेच्या मागे फतेगंजकडे जाणाऱ्या रिक्षा आणि लाफ्टर क्लबचे काका, दोन्ही येतात.

तसं हे काही नवं खूळ नाही. हिचकॉकच्या 1963 च्या 'द बर्ड्स' सिनेमातले पक्ष्यांचे कितीतरी आवाज ऑस्कर साला यांनी बर्लिनमधे मिक्स्टर-ट्राउटोनियम नावाच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर काढलेत. त्या सिनेमाला नेहमीसारखं पार्श्वसंगीतच नाहीये, हे पक्षीच सगळं काम करतात.

सामान काय लागतं? माझ्याकडे साधा लॅपटॉप आहे.

पुरे आहे. आवाज रेकॉर्ड करायला आणि कापायला-जोडायला ऑडॅसिटी फुकट, सिंथमधे व्हायटलचं फुकट व्हर्जन आहे, सर्ज एक्सटी पूर्ण फुकट, आणि ज्यांना वायरी इकडून तिकडे जोडायची हौस आहे त्यांच्यासाठी व्हीसीव्ही रॅक. प्योर डेटा आणि सुपरकोलायडर पण फुकट आहेत आणि प्राण्यांसाठी सगळ्यात ताकदवान तेच, पण सुपरकोलायडरमधे कोड लिहावा लागतो, पहिल्याच आठवड्यात तिकडे जाऊ नका, कंटाळून सोडून द्याल. पैसे खर्च करायचेच असतील तर बऱ्या हेडफोनवर करा. लॅपटॉपच्या स्पीकरवर सिंह बनवायला बसलात तर खालचं काही ऐकूच येणार नाही आणि तुम्ही उगाच बेस वाढवत बसाल.

पहिला प्राणी कुठला घेऊ?

कबुतर. घराघरात एसीच्या मागे बसलेलंच आहे, ऐकायला कुठे जायला नको. कबुतर चोच बंद ठेवून घुमतं, गळा फुगतो आणि आवाज गळ्यातून बाहेर येतो, त्यामुळे वरचे सूर गाळले जातात आणि जवळजवळ शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे एकच गुळगुळीत सूर, उरते. म्हणजे एक ऑसिलेटर (सूर काढणारा भाग), एक एन्व्हेलप (आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा), थोडी पिच म्हणजे पट्टी वरखाली, बस.

पण आधी आवाज बघायला शिका. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम व्ह्यू लावा. आडवी वेळ, उभी फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती कंपनं, ती हर्ट्झमधे मोजतात), आणि जिथे जोर जास्त तिथे रंग भडक. कबुतराची एकच जाड रेघ दिसेल, कोकिळेची वर चढणारी रेघ, गाईची एकावर एक पायऱ्या, सापाच्या फुत्काराचा नुसता धुरळा. रेघ दिसली तर ऑसिलेटर, पायऱ्या दिसल्या तर सॉ वेव्ह (भरपूर वरचे सूर असलेली लाट) आणि फिल्टर (नको ते सूर गाळणारा), धुरळा दिसला तर नॉइज (नुसती फसफस). अर्धं काम इथेच होतं. अजून खोलात जायचं असेल तर अॅमस्टरडॅम युनिव्हर्सिटीच्या लोकांनी बनवलेलं प्राट नावाचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट, माणसाच्या बोलण्यासाठी बनवलंय पण कुत्र्याला पण चालतं.

कोकिळा कशी बनवायची? आकड्यांसकट सांगा.

गातो तो नर, काळा, लाल डोळ्यांचा. मादी ठिपक्याठिपक्यांची असते आणि ती किक-किक-किक करते, तेव्हा नाटकात "कोकिळा गातेय" असा डायलॉग असला तरी आवाज नराचाच लावा.

साइन वेव्ह घ्या, त्यात दुसरा हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सीचा सूर) अगदी चवीपुरता. आवाजाचे दोन भाग. 'कु' छोटा, 0.15 सेकंद, 900 हर्ट्झच्या आसपास जवळजवळ सपाट. मग न तोडता 'ऊ', 0.4 सेकंद, 900 वरून 1300 कडे चढत जाणारा, आणि ही चढण सरळ रेघेत नको, सुरुवातीला सावकाश आणि शेवटी पटकन. अॅटॅक (आवाज पूर्ण चढायला लागणारा वेळ) 30 मिलिसेकंद ठेवा, शून्य ठेवलात तर टिक्क असा ठोका येतो आणि पक्षी मरतो तिथेच. खाली अगदी बारीक नॉइज, त्याच पट्टीत फिल्टर केलेला, ऐकू येईल न येईल इतका.

खरी मजा आता. कोकीळ एकदा ओरडून गप्प बसत नाही, पाच-सात वेळा ओरडतो आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडा वर आणि थोडा जोरात, आणि टोकाला गेल्यावर एकदम बंद. लोक एक कुहू बनवतात आणि तोच कॉपी-पेस्ट करतात. प्रत्येक पुढच्या कुहूची पट्टी अर्धा सूर चढवा, मधलं अंतर किंचित कमी करा, आणि शेवटच्यानंतर फेड-आउट वगैरे काही नको, सरळ शांतता. पहिल्यांदाच बनवणाऱ्याची पण कोकिळा यातून ओळखू येते.

बनवलं पण मोबाइलच्या रिंगटोनसारखं वाटतं. का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर बहुतेकदा एकच असतं, तुम्ही टोनवर तास घालवले आणि हालचालीवर पाच मिनिटं. कान प्राणी ओळखतो तो आवाज कसा सुरू झाला, कसा चढला, दम कुठे संपला यावरून. साध्या साइन वेव्हला नीट हलवलं तर पक्षी होतो, आणि शंभर रुपयांचं असो का दहा हजारांचं, कुठल्याही प्लगइनचा भारी टोन एका जागी उभा राहिला तर हॉर्नच वाटतो.

करायचं काय ते सांगतो. एलएफओने, म्हणजे सावकाश हलवणाऱ्या ऑसिलेटरने, व्हायब्रेटो (सुराला थरथर) देणं बंद करा, एलएफओ घड्याळासारखा चालतो आणि जिवंत गळा घड्याळासारखा चालत नाही. त्याच्या जागी रँडम घ्या आणि त्याला स्मूद करा, बहुतेक सिंथमधे सॅम्पल अँड होल्ड (ठराविक वेळाने नवा रँडम आकडा देणारं) असतं आणि त्याच्या बाजूला स्मूदिंगचा नॉब असतो. पिच, व्हॉल्यूम आणि फिल्टर तिन्हीला वेगवेगळं रँडम देऊ नका पण, कारण प्राण्याने जोर लावला की तिन्ही गोष्टी बरोबरच वर जातात, छातीतून हवा जास्त आली की आवाज मोठा होतो, पट्टी चढते आणि टोन उजळ होतो. म्हणून एकच कंट्रोल ठेवा, त्याला मी 'दम' म्हणतो, आणि तिन्ही त्याला जोडा. मॉडव्हील (कीबोर्डवरचं फिरवायचं चाक) असेल तर त्यावर ठेवा आणि हाताने वाजवा. हाताने वाजवलेलं, माउसने काढलेल्यापेक्षा नेहमी बरं येतं.

आणि मधे श्वास सोडा. कुत्रा सलग भुंकत नाही, तीन-चारदा भुंकतो, हवा घेतो, परत भुंकतो, आणि तिसरं भुंकणं पहिल्यासारखं नसतं. गाढवाचं तर अजूनच वेगळं, ते श्वास आत घेताना पण ओरडतं आणि बाहेर सोडताना पण, आतला कर्कश आणि वरच्या पट्टीत, बाहेरचा खालच्या. दोन वेगळे पॅच (सिंथच्या सेटिंगचा संच) करा आणि आलटून पालटून वाजवा, गाढव हमखास जमतं, नवीन माणसाला मी कबुतरानंतर गाढवच देतो.

वाघ-सिंहासाठी आवाज फक्त खाली ओढला की झालं ना?

नाही झालं. मांजर खाली ओढलं की सुस्त मांजर मिळतं, सिंह नाही.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, स्वरतंतू किती वेगाने थरथरतात, ती झाली पट्टी. दोन, त्यावरची घसा-तोंडाची नळी केवढी, त्यावर फॉर्मंट ठरतात, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सी नळीत घुमतात ते. गुन्नार फांट या स्वीडिश माणसाने 1960 साली हा हिशोब माणसाच्या बोलण्यासाठी नीट मांडला आणि तो प्राण्यांना पण लागू पडतो. माणसाची नळी 17.5 सेंटिमीटर धरली तर घुमण्याच्या जागा येतात 500, 1500, 2500, म्हणजे 1000 च्या अंतराने. नळी दुप्पट, 35 सेंटिमीटर केली की 250, 750, 1250. नळी 10 सेंटिमीटरची, लहान कुत्र्याएवढी, तर अंतर 1750. जनावर मोठं आहे हे कानाला या अंतरावरून कळतं. सिंहाच्या गर्जनेची मूळ पट्टी बऱ्याचदा माणसाच्या बोलण्याच्याच रेंजमधे असते, तरी तो माणूस वाटत नाही, कारण नळी मोठी आणि आवाज खरखरीत.

तर पॅच असा. सॉ वेव्ह, 120 ते 180 हर्ट्झ, त्यावर समांतर तीन-चार बँडपास फिल्टर (ठराविक फ्रिक्वेन्सीच्या आसपासचंच जाऊ देणारे), 250, 750, 1250, 1750 वर. सिंहाचे आणि वाघाचे स्वरतंतू चपटे, चौकोनी आकाराचे असतात, 2011 च्या एका अभ्यासात दाखवलंय की या आकारामुळे कमी हवेत पण प्रचंड आवाज निघतो, जवळून मोजला तर 114 डेसिबलपर्यंत. त्यांची थरथर पण ओबडधोबड असते, म्हणून सॉ वेव्हच्या पिचला फिल्टर केलेल्या नॉइजने हलवा, आणि व्हॉल्यूमला 30 ते 150 हर्ट्झच्या मधे कुठेतरी झटपट वरखाली करा. याच वेगाच्या खरखरीने माणसाच्या कानाला भीती वाटते, किंचाळण्यात पण हेच असतं. शेवटी थोडं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणं.

आणि गीरच्या सिंहाचं ऐकलंत तर कळेल की एक डरकाळी फोडून तो थांबत नाही. आधी हळू हुंकार, मग मोठ्या गर्जना, मग छोटे छोटे हुंकार एकामागून एक, दम संपत आल्यासारखे. देखाव्यात जागा कमी असेल तर शेवटचे हुंकार ठेवा आणि मधली गर्जना एकच ठेवा. मुलं त्या हुंकारांना जास्त घाबरतात.

मंडळाच्या स्पीकरवर सिंहाचा बेस येतच नाही.

येणारच नाही, त्या भोंग्यांतून 100 च्या खाली काही निघत नाही. पण 40 हर्ट्झ ऐकवायला 40 हर्ट्झ असायलाच पाहिजे असं नाही. 120, 160, 200, 240 एकदम वाजवलेत तर कान आपणहून 40 धरून घेतो. म्हणून इक्यूने (बेस-ट्रेबल कमी-जास्त करणारा) खालचं वाढवत बसू नका, सॅच्युरेशन (हलकं डिस्टॉर्शन) टाका, त्याने वरचे हार्मोनिक तयार होतात आणि छोट्या स्पीकरवर पण जनावर मोठं वाटतं.

मगरीचा आवाज करता येईल का? आमचा देखावा विश्वामित्री नदीवर आहे.

दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि 2024 च्या पुरात मगरी सोसायट्यांत आल्यापासून तर जास्तच. मगर गप्प प्राणी आहे असं लोकांना वाटतं. चूक. मोठी मगर फुसफुसते आणि खोल आवाजात गुरगुरते, आणि पिल्लं अंड्यात असल्यापासून ओरडतात, तो आवाज ऐकून आई घरटं उकरते.

मगरीच्या जातकुळीवरचा एक प्रयोग सांगायलाच पाहिजे. शास्त्रज्ञांनी एका चिनी अॅलिगेटर मादीला हवाबंद टाकीत ठेवून हेलियम मिसळलेली हवा दिली आणि तिला ओरडायला लावलं. हेलियममधे ध्वनी जोरात पळतो म्हणून नळीतल्या घुमण्याच्या जागा वर सरकतात, तिच्याही सरकल्या, म्हणजे सिंहाचा वर दिलेला हिशोब सरपटणाऱ्यांना पण लागतो. 2015 मधे हे छापून आलं आणि 2020 मधे त्यांना इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं.

देखाव्यासाठी: मोठ्या मगरीला सॉ वेव्ह 50-60 हर्ट्झ, फॉर्मंट एकमेकांच्या जवळ, वर फुत्काराचा नॉइज. पिल्लांसाठी वरून खाली घसरणारा छोटा सूर, 0.1 सेकंदाचा, थोडा नाकातला, आणि चार-पाच वेगवेगळ्या पट्ट्यांत, कारण एकटं पिल्लू ऐकलं की लोकांना बेडूक वाटतं. मगरीच्या तोंडी डरकाळी घालू नका प्लीज, ती काय वाघ आहे का.

मोर?

मोर अवघड आहे असं सगळे म्हणतात, मला तर कोकिळेनंतर तोच सोपा वाटतो. केकारव म्हणजे मोठ्या मांजराने नाकातून मारलेली हाक. सॉ वेव्ह, पट्टी झपकन वर, थोडं थांबून सावकाश खाली, फिल्टर 1000 आणि 2500 च्या आसपास अरुंद, आणि टोकाला गेल्यावर आवाज किंचित फाटू द्या. एम.एस. युनिव्हर्सिटीच्या बाजूला पावसाळ्यात सकाळी फेरी मारा, मग हे वाचायची पण गरज नाही.

एक गोष्ट मात्र कुणीच करत नाही आणि केली तर सगळे विचारतात हे काय होतं. नाचताना मोर पिसारा थरथरवतो, साधारण सेकंदाला 25 वेळा. नॉइज घ्या, 3000 च्या वर ठेवा, आणि व्हॉल्यूमला 25 हर्ट्झची थरथर द्या, लाटेसारखी दोन सेकंद येऊ द्या आणि जाऊ द्या. स्टेजवर मोर नसला तरी तो वळलेला दिसतो.

बेडूक आणि रातकिडे, म्हणजे पावसाळी रात्र कशी करू?

रातकिडा एका पंखाची कानस दुसऱ्या पंखावर घासतो, फक्त नर. साइन वेव्ह 4500 हर्ट्झ, त्याचे चार बारीक ठोके मिळून एक किर्र, मग थोडी गॅप. गरम हवेत किडा पटपट वाजतो, थंडीत सावकाश. डॉल्बेअर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 1897 मधे किर्र मोजून तापमान काढायचं सूत्रच दिलं होतं. ते तिकडच्या किड्याचं आहे, आपल्या किड्याला लावू नका, पण सीन मे महिन्यातला असेल तर वेग वाढवायला विसरू नका. सिकाडाची भानगड वेगळी, त्याच्या पोटाच्या बाजूला पापुद्रे असतात ते आतबाहेर टकटक करतात आणि पोकळ पोटात घुमतात, तर त्याला क्लिकची झटपट माळ आणि एक धारदार बँडपास.

बेडूक म्हणजे ठोक्यांची माळ. सगळा डराव स्पेक्ट्रोग्राममधे जवळून बघितलात तर कंगव्याचे दात दिसतात. आपला मोठा पावसाळी बेडूक, पहिल्या पावसात पिवळाजर्द होतो आणि गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवतो तो, त्याला कमी पट्टीची सॉ वेव्ह, दोन बँडपास, आणि व्हॉल्यूमला सेकंदाला 40-50 ठोके, वेग शेवटी किंचित कमी. शाळेतल्या बाईंना मुलांकडून करून घ्यायचं असेल तर सिंथ पण नको, प्लॅस्टिकचा कंगवा नखाने वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटीत पिच खाली आणा, मुलं खूश.

आता एकत्र लावताना. सगळ्यांचा एक मोठा लूप करू नका, प्रेक्षकाला तो दुसऱ्याच फेरीला कळतो. प्रत्येक किड्याला वेगळा लूप द्या, 7 सेकंद, 11 सेकंद, 13 सेकंद असे, म्हणजे ते परत एकत्र जुळायला हजार सेकंद लागतात, तोवर सीन संपतो. बेडूक आळीपाळीने ओरडतात, एकाच्या गॅपमधे दुसरा, तेव्हा त्यांना एकमेकांवर चढवू नका. आणि कुणी चालत आलं की सगळे बेडूक एकदम गप्प, ही गप्प बसायची जागा नाटकात सोन्यासारखी आहे, फुकट मिळते, वापरा.

एफएम, ग्रॅन्युलर, सबट्रॅक्टिव्ह, कुठलं चांगलं?

सिंथवर आवाज बनवायच्या या तीन पद्धती, चांगलं-वाईट काही नाही, काम बघून घ्या. गळ्यातून येणारा आवाज असेल, गाय, कुत्रा, वाघ, तर सबट्रॅक्टिव्ह (भरपूर सुरांतून नको ते फिल्टरने गाळणं), कारण गळ्याची रचनाच तशी आहे, स्वरतंतू म्हणजे ऑसिलेटर आणि तोंड म्हणजे फिल्टर. गाय घेतलीत तर लक्षात ठेवा की तोंड बंद ठेवून हंबरते तेव्हा पट्टी साधारण 80 हर्ट्झ आणि तोंड उघडून लांबच्या वासराला हाक मारते तेव्हा 150 च्या आसपास, फिल्टर पण त्याबरोबर उघडला पाहिजे.

कर्कश पक्षी आणि धातूसारखे आवाज एफएमने (एका सुराने दुसऱ्याची पट्टी भरभर हलवणं) पटकन येतात. संगीतकार जॉन चाउनिंग अमेरिकेत स्टॅनफर्डमधे 1967 मधे व्हायब्रेटोचा वेग वाढवत बसले होते, एका हद्दीनंतर व्हायब्रेटो ऐकू येईना आणि टोनच बदलला, तिथून एफएम निघालं आणि 1983 मधे यामाहाच्या डीएक्स-सेव्हन या सिंथमधून घरोघरी गेलं. कावळ्याला मी हेच वापरतो, मूळ सूर 500-600, मॉड्युलेटर (त्याला हलवणारा दुसरा सूर) त्याच्या पटीत न बसणारा, वर 70 हर्ट्झची खरखर. पिंडाच्या सीनला कावळा उशिरा आणि एकदाच ओरडला पाहिजे, ते सिंथचं काम नाही, फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या दांडीवर) बसलेल्याचं आहे.

घोड्याच्या खिंकाळण्यात दोन वेगळ्या पट्ट्या एकदम असतात, एक वरची एक खालची, एका ऑसिलेटरने कितीही केलं तरी जमत नाही, दोन घ्या. बऱ्याच गाणाऱ्या पक्ष्यांचं पण तसंच, त्यांचा स्वरयंत्राचा भाग श्वासनळी जिथे दुभागते तिथे असतो आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या गाऊ शकतात. थवा, मधमाश्यांचं पोळं, दाटीवाटीचे आवाज, याला ग्रॅन्युलर (आवाजाचे बारीक कण करून ते परत विखुरणं).

डास कसा करू?

एडिस डासाची मादी साधारण 400 हर्ट्झ, नर 600. जोडी जुळताना दोघं पंखांचा वेग बदलून वरचे सूर 1200 वर जुळवतात, 2009 मधे हे मोजलं गेलं. सॉ वेव्ह पातळ करा, डाव्या कानातून उजव्या कानात न्या, जवळून जाताना पिच किंचित खाली. प्रेक्षकांतलं कुणीतरी टाळी वाजवतंच.

हत्ती?

चीत्कार सोपा, सोंडेतून जोरात फुंकलेली हवा, सॉ वेव्ह, नॉइज, फाटका टोन, झपकन चढणारी पट्टी. पण हत्ती एकमेकांशी बोलतात ते बरंचसं आपल्या कानाच्या खाली, 14 ते 35 हर्ट्झमधे. संशोधक केटी पेन यांना 1984 मधे अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्याजवळ हवेत धडधड जाणवली, तिथून हे उघड झालं. हॉलमधे सबवूफर असेल तर चीत्काराच्या आधी तीन सेकंद 25 हर्ट्झ हळूच सोडा. नसेल तर सोडून द्या.

वटवाघूळ जमेल का?

छोट्या वटवाघळाचा आवाज 20 हजार हर्ट्झच्या वर असतो, तुमची फाइल 44.1 किलोहर्ट्झची (सेकंदाला 44,100 वेळा आवाज मोजलेली) असेल तर 22 हजारांच्या वरचं त्यात मावतच नाही, आणि मावलं तरी ऐकणार कोण. संशोधक लोक रेकॉर्डिंग दहापट सावकाश करून ऐकतात, म्हणजे 45 हजारांचं 4500 होतं. तुम्ही सरळ 4500 च्या आसपास वरून खाली घसरणारे छोटे टिक-टिक ठोके बनवा, जवळ आलं की ठोके दाट करा.

एआयला टाइप केलं की आवाज मिळतो, मग हा उद्योग कशाला?

मिळतो, आणि घाईत मी पण नाही म्हणणार नाही. पण "थोडा कमी चिडलेला, आणि दुसरं भुंकणं अर्धवट" असं टाइप करून परत परत फासे टाकण्यापेक्षा एक नॉब फिरवणं मला बरं वाटतं. तालमीत बदल शेवटच्या दिवसापर्यंत चालूच असतात.

बनवलेला आवाज बागेत लावून खऱ्या पक्ष्याला बोलवू का?

नको. विणीच्या काळात नर आपला इलाका सांगायला गातो, तुम्ही स्पीकर लावलात की त्याला वाटतं दुसरा नर घुसलाय, तो चारा सोडून भांडायला येतो आणि भांडायला कुणी नसतंच. मोर आणि मगर तर 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमधे आहेत, त्यांना मुद्दाम त्रास देऊ नका. शिवाय रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकरला तशी पण बंदी आहे, वाघाचा असो का आरतीचा.

हॉलमधे वाजवताना काय बघायचं?

लांबचा प्राणी म्हणजे कमी व्हॉल्यूम नाही. हवा वरचे सूर खाते, म्हणून 3000 च्या वर कापा, अॅटॅक बोथट करा आणि रिव्हर्ब (खोलीतलं घुमणं) वाढवा. कोल्हेकुई लांबून पाहिजे असेल तर स्टेजच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून एक छोटा स्पीकर ठेवा, प्लगइनपेक्षा भारी लागतो. हॉल भरलेला असतो तेव्हा माणसं आवाज पितात, रिकाम्या तालमीला ठेवलेली लेव्हल प्रयोगाला थोडी वर घ्या. फाइल वेव्हमधे (.wav) ठेवा, दोन पेनड्राइव्हवर, आणि फोनवरून वाजवणार असाल तर एअरप्लेन मोड लावाच, सिंहाच्या गर्जनेत मावशीचा फोन आलेला प्रेक्षक विसरत नाहीत.

मांजराची गुरगुर राहिली की!

सेकंदाला 25 ते 30 ठोके, श्वास घेताना पण आणि सोडताना पण, फक्त वळणावर क्षणभर तुटक आणि दोन्हीकडचा टोन थोडा वेगळा. नॉइज आणि सॉ वेव्ह मिसळा, वरचं सगळं कापा, दीड-दोन सेकंदाला एक श्वास. मोठ्या स्पीकरवर लावू नका, ट्रॅक्टर वाटतो. छोटा ब्लूटूथ स्पीकर उशीत घालून मांजर घेऊन बसलेल्या बाईंच्या मांडीजवळ ठेवा. ब्लूटूथ थोडा उशिरा वाजतो, गुरगुरीला ते चालतं. फक्त फेडरवाल्याला अशा जागी बसवा की त्यांचा हात त्याला दिसेल, कारण त्यांनी कुरवाळायचं थांबवलं की आवाज पण थांबला पाहिजे.